उजवा कौल

प्रयाग लग्न होऊन आमच्या वाडीवर आली तेव्हा मला आधी तिचा आवाज ऐकू आला, तोंड नंतर दिसलं. आमची घरं शेजारी शेजारी, मध्ये नुसती काट्याकुट्यांची वई. सकाळी मी चुलीपुढे बसले होते, तर वईपलीकडे कोणी तरी कोणाची तरी समजूत घालतंय. "शाणी ना गो तू? मंग अशी रुसून का बसलीस? बाकीच्या सगळ्या गेल्या की पुढं." मला वाटलं, लग्नातली कोणी पाहुणी मागे राहिलीय. उठून बघते तर ही नवी नवरी, अजून हळद उतरली नव्हती अंगाची, आणि कोंबडीशी बोलतेय!

मी म्हटलं, "अगो बाय, ती काय जबाब देणार हाय तुला?"

तर म्हणते कशी, "देईल की. नवी हाय मी, ओळख नाय अजून."

अशी ती होती. शेळीशी बोलायची, चुलीशी बोलायची, भाताच्या रोपाला 'उभी राहा गो नीट' म्हणून दटावायची. मी दासगावची, माहेरी चार यत्ता शिकले, महाडचा बाजार बघत वाढले. ह्या डोंगरात येऊन पडले तेव्हा माझं अर्धं आयुष्य चिडचिड करण्यात गेलं. आमची वाडी उमरठच्याही वर. खाली उतरायचं म्हणजे मोठा ओहोळ ओलांडायचा, मग उमरठ, मग पायपीट करत पोलादपूर, तिथून एसटी मिळाली तर महाड. पुरुष माणसं सगळी मुंबईला. माझा नवरा कुशाबा तेवढा मुंबईला टिकला नाही, परत आला. प्रयागचा नवरा रावजी गिरणीत होता, शिमग्याला आणि गणपतीला यायचा. घरी सासरा सोनबा आणि ती, दोघंच.

सोनबा वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येईल. मला अजून येतो. त्याचा थोरला मुलगा, रावजीचा भाऊ, भर पावसात तापानं फणफणला होता. डोलीत घालून खाली न्यायला निघाले, ओहोळात पुढच्या गड्याचा पाय घसरला आणि डोली पोरासकट गेली. पोर सापडलं ते पाणी ओसरल्यावर. तेव्हापासून सोनबाचा नेम झाला, पावसाळ्यात वाघजाईचा कौल घेतल्याशिवाय घरातलं कोणी ओहोळ उतरायचं नाही. कौल म्हणजे काय, तर देवीच्या पाषाणाला दोन्ही खांद्यांच्या जागी गुरव ओली पाकळी चिकटवतो आणि आपलं गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची आधी पडली तर देवी हो म्हणाली, डावीकडची पडली तर नाही म्हणाली. वाडीत लग्न ठरवायचं, बैल घ्यायचा, सगळं ह्या पाकळीवर. आणि सोनबाचा शब्द मोडून त्याच्या घरच्या माणसाला डोलीत घालायची कोणाची छाती नव्हती.

प्रयागला पहिली मुलगी झाली, आवडी. आईवर गेलेली. वर्षाची व्हायच्या आत बडबड सुरू. आणि वर्षाची झाली त्याच पावसाळ्यात तिचा कान फुटला.

आता कान फुटणं आमच्याकडे काय नवं होतं? प्रत्येक घरात एखाद्या पोराचा कान वाहायचाच. सर्दी झाली, रात्रभर रडलं, सकाळी उशीवर पिवळा डाग, की समजायचं फुटला. चार दिवस वाहायचा, थांबायचा. पण आवडीचा थांबायचा तो पुन्हा फुटण्यासाठीच. एक सुकतोय तर दुसरा. पोर कान धरून किंचाळायची, डोकं भिंतीवर आपटायची. आणि तो वास! आईच जवळ घेणार, दुसरं कोण घेतंय? माशा बसायच्या म्हणून प्रयाग तिला पाठीशी बांधून फडकं मारत काम करायची.

उपाय काय थोडे केले? लसणीचं तेल झालं, तुळशीचा रस झाला, मिठाची पुरचुंडी तापवून शेकणं झालं. माझा तिसरा तेव्हा अंगावर पीत होता, तर माझं दूध वाटीत काढून नेलं आणि थेंब थेंब तिच्या कानात घातलं. एकदा एक वैदू आला. कानाला नळी लावून त्यानं ओढल्यासारखं केलं आणि तळहातावर किडा काढून दाखवला. पांढरा, वळवळता. बायका 'अगो बाय!' करून मागे सरल्या. मी म्हटलं, "मेल्या, हा तर पिठातला किडा. आ कर बघू, गालात आणखी किती भरलेस?" तो पडवीतून उठला तो चालूच लागला. प्रयागनं मात्र धावत जाऊन त्याच्या झोळीत तांदूळ घातले.

"कशाला गो?" मी ओरडले.

"असू दे वयनी," ती म्हणाली. "दहातला एक खरा असंल, तर तो माझा असू दे."

असे दोन पावसाळे गेले. मग एका शिमग्याला रावजी आला तेव्हा मीच त्याच्या मागे लागले. म्हटलं, पालख्या काय नाचवत बसलायस, पोरीला महाडला ने. तो बिचारा भोळा. गेले तिघं, सोबत मी, कारण डॉक्टर बोललेलं ह्या दोघांना कळलं पाहिजे ना. डॉक्टरनं कपाळावर आरसा बांधून दोन्ही कानांत बघितलं, कापसाच्या काडीनं पुसलं. मग म्हणाला, "आतला पडदा फाटलाय. तेल घालू नका, दूध घालू नका, कसला पाला पिळू नका. हे थेंब घाला. कान कोरडा राहिला पाहिजे, पाण्याचा थेंब जाता कामा नये. धुरात ठेवू नका." आणि मग माझ्याकडे बघून, मीच काय ती त्याला शहाणी दिसले असणार, "कानाच्या मागे सूज आली आणि ताप चढला तर थांबायचं नाही. त्याच दिवशी घेऊन यायचं. हे विसरलात तर मुलगी हातची जाईल."

प्रयागनं ते पाठ केलं. रस्ताभर पुटपुटत आली.

आणि खरंच, उन्हाळाभर कान सुकले! काय सांगू तुम्हाला त्या उन्हाळ्याचं. आवडी तीन वर्षांची, सकाळी उठली की तोंडाचा पट्टा सुरू. वईला नाक लावून हाका मारायची, "काकी! काकी गो! आमच्या शेळीनं तुझी भेंडी खाल्लीन!" मी लटकी रागावायची. प्रयाग तिच्या मागे उभी राहून हळूच 'आवडे' म्हणायची, पोर गर्रकन वळायची, आणि आई खुदकन हसायची. दिवसातून किती वेळा तरी चालायचं हे.

मग पावसाळा आला. पोलादपुराकडचा पाऊस ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून कळायचं नाही. उंबऱ्यावर शेवाळ, पांघरुणाला बुरशी, मीठ मडक्यात वितळतं. आणि डॉक्टर म्हणाला, कोरडं ठेवा! बाहेर ठेवली तर भिजते, घरात ठेवली तर चुलीचा धूर. कोरडी आणि बिनधुराची जागा आमच्या वाडीत कुठे होती? डॉक्टरच्या डोक्यात, आणखी कुठे! तरी प्रयागनं सोडलं नाही. पोरीपुरतं लहानसं इरलं विणलं, पानं दुप्पट घातली. कापसाला तूप लावून कानांत बोळे बसवले, वरून फडकं बांधलं. लावणीच्या चिखलात स्वतः कमरेपर्यंत भिजून उभी, आणि दर दोन ओळी झाल्या की बांधावर जाऊन पोरीच्या कानाला बोट लावून बघायची, ओलं झालं का. बाकीच्या बायका हसायच्या. मीसुद्धा एकदा म्हटलं, "अगो, पोर हाय ती, लोणच्याची बरणी नव्हे." ती हसली नाही. माझंच तोंड कडू झालं.

एवढं करून काय झालं? जे व्हायचं तेच. सर्दी झाली, कान फुटला. थेंब घातले, थांबला, पुन्हा फुटला. आणि ऐन श्रावणात, धुवाधार पाऊस चाललेला, एका सकाळी प्रयाग पोरीला घेऊन माझ्या दारात. तोंडावर रंग नाही. उजव्या कानाच्या मागे टम्म सूज, कान पुढे ढकलल्यासारखा वाकडा दिसत होता. अंग तव्यासारखं.

"वयनी, त्याच दिवशी म्हणाला होता ना डॉक्टर?"

"त्याच दिवशी," मी म्हटलं. "चल."

चल म्हणायला काय जातं! ओहोळ दुथडी भरलेला. दोर बांधून, चार गडी धरून उतरल्याशिवाय त्यातून जाणं नव्हतं. मी कुशाबाला उठवलं. तो म्हणाला, "नेतो की. सोनबा हो म्हणू दे." सोनबाकडे गेलो. म्हाताऱ्यानं नातीच्या कपाळाला हात लावून बघितला, पण तोंडातून एकच, "कौल लावतो. देवी हो म्हणाली की मी सोता दोर धरतो."

लावला कौल. सगळे देवळात जाऊन बसलो. पावसाळ्यातलं देऊळ, कौलांतून ठिबकतंय, पाषाणाला पाणी सुटलेलं. पाकळ्या चिकटल्या त्या चिकटल्या. उजवी नाही, डावी नाही. गुरव गाऱ्हाणं घालून घालून दमला. दुपार झाली, दिवस मावळला. "देवी बोलत नाय आज," म्हणाला, "उद्या बघू." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. ओल्या दगडाला ओली पाकळी, ती पडणार कशी? हे मला कळत होतं, कुशाबाला कळत होतं, मला तर वाटतं गुरवालासुद्धा कळत होतं. पण म्हणणार कोण? मी म्हटलं! भर देवळात म्हटलं, "अरे, पोर जातेय रे तुमच्या देखत, आणि तुम्ही फुलं बघत काय बसलात?" सोनबा माझ्यावर धावून आला नाही, शिव्या दिल्या नाहीत. हात जोडून म्हणाला, "चंद्राबाय, एक पोरगा मी असाच नेला होता गो. न विचारता." मला राग आवरेना आणि रडूही आवरेना.

चौथी सकाळ. आवडी रडायची थांबली होती, हेच जास्त वाईट. आईच्या खांद्यावर मान टाकून कण्हत होती. गुरव ओटीवर शेळ्या शिरल्या म्हणून हाकायला बाहेर गेला. सोनबा डोळे मिटून बसलेला. प्रयाग उठली, पाया पडायला वाकावं तशी पाषाणापुढे वाकली, आणि मी बघितलं, तिची करंगळी उजव्या पाकळीला लागली. लागली म्हणजे तिनं लावली. पाकळी खाली पडली.

गुरव आत येतोय तर पाकळी पायाशी. "दिला! उजवा दिला देवीनं!" तो ओरडला. सोनबाचे डोळे गळायला लागले. सगळ्यांच्या आधी तोच म्हातारा बांबू आणायला धावला. मी मनात म्हटलं, शाबास गो पोरी!

ओहोळात सोनबानं दोर हातातून सुटू दिला नाही, हाताची सालं निघाली तरी. पोलादपुरात एसटी मिळाली. डॉक्टर बघूनच उठला. कानामागे चिरलं, वाटीभर पू निघाला. इंजेक्शनं सुरू झाली. आम्ही महाडात राहिलो, माझा भाऊ दासगावहून भाकऱ्या पोचवायचा. ताप डोक्यात गेलाय, डॉक्टर म्हणाला. काही दिवस पोर ह्या जगात आहे की नाही ते कळत नव्हतं. प्रयाग तिच्या उशाशी बसून सारखी बोलत होती. शेळी तुझी वाट बघतेय, काकीच्या भेंडीला फुलं आलीत, असलं काहीबाही, न थांबता.

आणि एक दिवस ताप उतरला. आवडीनं डोळे उघडले, पेज मागितली. आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत होतो. प्रयाग पेज आणायला गेली, मागून येता येता तिच्या नेहमीच्या सवयीनं हळूच म्हणाली, "आवडे."

पोर वळली नाही.

"आवडे," पुन्हा, जरा मोठ्यानं. मग प्रयागनं हातातली थाळी सोडलीच, फरशीवर आदळून केवढा आवाज झाला. दवाखान्यातली माणसं दचकून बघायला लागली. आवडी खिडकीबाहेरचा कावळा बघत होती.

डॉक्टरनं मला बाजूला घेतलं. "जीव वाचला हेच मोठं समजा. आतली नस गेलीय. आता ऐकू येणार नाही. बाई, इतका उशीर का केलात? त्याच दिवशी आणा म्हणून सांगितलं होतं ना मी?"

हे मी प्रयागला शब्द न् शब्द सांगितलं. उशीर झाला म्हणून कान गेले. तू पाकळी पाडली नसतीस तर पोरच गेली असती. किती वेळा सांगितलं! दवाखान्यात सांगितलं, एसटीत सांगितलं, पुढे वर्षानुवर्षं सांगत आले. ती ऐकून घ्यायची. मग म्हणायची, "असंल वयनी, तू म्हणतेस तसं असंल. पण देवी गप होती ती उगाच नाय. मी तिला ढकललं. जीव दिलान तिनं, आन त्याचं मोल घेतलान." मी चिडायची, "मंग देवीनं तुझं बोट घ्यायचं, पोरीचे कान कशाला?" ती म्हणायची, "बोट घेऊन मला काय दुखलं असतं?"



आवडी काही दिवस बोलत होती. फार मोठ्यानं, ओरडून. मग शब्द झिजत गेले. 'काकी'चं 'काई' झालं, मग नुसतं 'आ'. 'आये' शेवटपर्यंत राहिलं होतं, तेही पुढच्या पावसाळ्यात गेलं. पोर हुशार, हातानं सगळं सांगायची, पण घर गप्प झालं. आणि प्रयाग? तिनं शेळीशी, चुलीशी, रोपांशी बोलायचं सोडलं. सोनबा त्या साली थंडीत गेला. जाताना देवीचे उपकार मानून गेला, की नात वाचवलीन. प्रयागनं त्याला खरं काय ते सांगितलं नाही. तेवढी तिनं दया केली म्हणा.

रावजी आवडीला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात दाखवून आला. तिथंही तेच सांगितलं.

चार वर्षांनी प्रयागला मुलगा झाला, मोरू. गोरागोमटा, गुटगुटीत. वर्षाचा होत आला तोवर सगळं छान. आणि दिवाळीनंतर, थंडी पडली, सर्दी झाली, मोरूचा कान फुटला.

मी दारात सारवत होते. बघते तर प्रयाग माझ्या अंगणात उभी, हातात सूप, सुपात मोरू. मला क्षणभर कळेना. मग कळलं. आमच्याकडे ज्या बाईची पोरं जगत नाहीत ती पोराला सुपात घालून दुसरीला देते. जिची पोरं धडधाकट आहेत तिला. ती दुसरी मूठभर कोंडा देते आणि पोर विकत घेते. देवाला वाटतं, हे पोर तिचं नव्हेच, मग तो त्याच्या वाटेला जात नाही. तो नुसता उपचार असतो हो! चारचौघांसमोर घ्यायचं, संध्याकाळी परत आईच्या पदरात टाकायचं. माझे तर चार, धाकटा अजून अंगावर. म्हणून माझ्याकडे आली.

"वयनी, माझ्या हातून ह्याला काय नको. थेंबसुद्धा नको घालायला. तू ने महाडला. डॉक्टरला सांग तुझा हाय."

"अगो, पण तू सोबत ये तरी."

"मी नाय. देवी बघतेय माझ्याकडं."

कान वाहतोय, पोर रडतंय, मी वाद काय घालत बसू? मूठभर कोंडा आणला आणि तिच्या ओच्यात टाकला. तिनं सूप खाली ठेवलं आणि मागे न बघता गेली. मी त्याच दिवशी महाड गाठलं. डॉक्टर तोच. कान पुसला, थेंब दिले, म्हणाला, वेळेवर आणलंत. थंडीचे दिवस, पाऊस नाही. माझ्या घरात चूल मागच्या पडवीला, धूर कमी. महिन्याभरात कान सुकला तो सुकलाच. पुढच्या पावसाळ्यातही फुटला नाही. का? मला विचारू नका. डॉक्टर म्हणाला, काही पोरांचे असेच बरे होतात. तशीच सर्दी, तसाच पाऊस, आणि एकाचा सुकतो, एकीचा जीवावर बेततो.

कान सुकल्यावर मी मोरूला काखेत घेऊन प्रयागकडे गेले. म्हटलं, घे तुझा मुलगा, माझं घर भरलंय. ती दूध अजून आटलं नव्हतं म्हणून पदर छातीशी धरून उभी होती, पदर ओला. पोर तिच्याकडे झेपावलं. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. आतून म्हणाली, "कोंडा घेतलाय मी."

"जळला तुझा कोंडा!" मी दारावर थापा मारल्या. "खेळ असतो गो तो!"

"मागच्या येळेला पण मी खेळच केला होता," ती म्हणाली.

शिमग्याला रावजी आला, संतापला. "ये क्या लगाया है," म्हणत मुंबईचं हिंदी झाडलं, पोराला उचलून घरी नेलं. त्याच रात्री मोरूला कसर आली, अंग जरासं तापलं. साधी कसर! पण सकाळी रावजीच पोर परत आणून देत म्हणाला, "वयनी, राहू दे तुझ्याकडंच. मला पण आता भ्या वाटतं." चांगला धट्टाकट्टा गिरणीचा कामगार, माझ्यासमोर लहान पोरासारखा रडला.

म्हणून मोरू माझा झाला. माझ्या चौघांत पाचवा. मला आये म्हणायचा. खरं सांगितलं तरी त्याला काय कळणार, आणि प्रयागनं शपथ घातली होती की सांगायचं नाही. त्याला ती पलीकडची प्रयागकाकी, एवढंच. वईच्या त्या अंगाला ती आणि आवडी, ह्या अंगाला मोरू. जिला तिनं जवळ ठेवलं तिला हाक ऐकू येत नाही, आणि ज्याला ऐकू येतं तो तिला हाक मारत नाही. मी ह्या वईला किती शिव्या घातल्या असतील! एकदा तर कोयत्यानं तोडायला घेतली. प्रयागनं दुसऱ्या दिवशी काटे आणून पुन्हा बांधली.

मोरू पाच वर्षांचा झाला. भाताची झोडणी चालली होती, मी दारातल्या खळ्यावर. तो धावत आला, अंगाला पेंढा लागलेला. म्हणतो, "आये, ती प्रयागकाकी येडी हाय काय गो?"

"का रे?"

"रोज वईमागं लपून मला हाक मारते. एकदम हळू. 'मोरू' म्हणते. मी वळून बघितलं की पळून जाते. पोरं पण म्हणतात, ती येडीच हाय. मुकीची आये येडी." आणि तो फिदीफिदी हसला.

माझं डोकंच फिरलं. माझा हात किती चालतो ते माझ्या चारही पोरांना विचारा. दंड धरून मी त्याला ओढलं, थोबाडीत द्यायला हात उचलला.

"कानावर नको गो!"

वईमागून ती किंचाळली. इतक्या वर्षांत तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. ती काट्यांतूनच घुसली, लुगडं फाटलं, हातावर ओरखडे उठले, आणि तिथंच अडकून, दोन्ही हात पुढे करून म्हणत राहिली, "पाठीवर मार, पायावर मार, कानावर नको मारू गो वयनी, कानावर नको."

मोरू घाबरला आणि माझ्या लुगड्यात तोंड खुपसून 'आये, आये' करत रडायला लागला. मी त्याला तिच्याकडे ढकललं, म्हटलं, जा रे तिच्याकडे. तो जाईना. प्रयागनं हात मागे घेतले, काट्यांतून पदर सोडवला आणि आवडी पलीकडे वाट बघत उभी होती तिच्याकडे निघून गेली.